मेंदूंतील पांखरें

जें अपरिचित त्यास परिचिताचें नांव द्यावें, ही मनुष्याची फार जुनी खोड आहे. उत्तरेच्या आकाशांतील ज्या सात ताऱ्यांस आमच्या पूर्वजांनीं सप्तर्षि म्हटलें, त्यांना खेड्यांतील आजीबाई बाज म्हणते. इंग्रज शेतकऱ्यास तेथें नांगर दिसला आणि ग्रीकांस अस्वल दिसलें. तारे तेच, पाहणाऱ्याचें अंगण तेवढें निराळें. अज्ञाताच्या भीतीवर मनुष्यानें शोधून काढलेला हा बहुधा पहिलाच उतारा असावा. ज्याला नांव देतां येतें त्याच्याशीं बोलतां येतें, भांडतां येतें, आणि कांहींच करतां आलें नाहीं तरी त्याला ओळखतां येतें.

शरीरशास्त्रज्ञांनींही हेंच केलें. मेंदू उघडून पाहणाऱ्या पहिल्या पंडितांस तेथें सर्वच अनोळखी होतें. बोलोन्या येथील आरांत्सिओ यास मेंदूंतील एक वळलेला भाग समुद्रांतील घोडमाशासारखा वाटला. रेशमाच्या किड्याशींही त्यानें त्याची तुलना करून पाहिली. पण १५८७ सालीं छापलेल्या त्याच्या वर्णनांतून पुढें घोडमासाच टिकला, आणि आजही तो भाग त्याच ग्रीक नांवानें ओळखला जातो. दुसरा एक भाग बदाम झाला. एक सेतु झाला. एका काळसर पट्ट्याला तर ‘काळा पदार्थ’ एवढेंच नांव मिळालें, आणि तें लॅटिन भाषेंत असल्यामुळें भारदस्त वाटतें इतकेंच. या नामकरणाचा एक नवा अध्याय गेल्या कांहीं दशकांत लिहिला गेला आहे. त्यांत पक्षी आहेत, वाघ आहे, पावाची लादी आहे आणि विरामचिन्हेंही आहेत. त्यांतला एक पक्षी आमच्या आजोळच्या घरांत येऊन उतरला; म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हीं चित्रें येतात कोठून तें सांगितलें पाहिजे. जिवंत माणसाचा मेंदू आंतून कसा दिसतो हें पाहण्याची सोय फार जुनी नाहीं. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या विंबल्डन भागांतील एका रुग्णालयांत गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या क्ष-किरण यंत्रानें एका रोग्याच्या मेंदूचा आडवा छेद, कवटीला हात न लावतां, कागदावर उतरविला. पुढें १९७३ सालीं पॉल लॉटरबर यांनीं क्ष-किरणांवांचून, केवळ चुंबक आणि आकाशवाणीच्या लहरींसारख्या लहरी यांच्या साहाय्यानें चित्र काढण्याची युक्ति प्रसिद्ध केली. पीटर मॅन्सफील्ड यांनीं ती वेगवान केली. आणि २००३ सालीं या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज जिला आपण एम्. आर्. आय्. म्हणतों ती हीच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कित्येक हजार पट बलवान् अशा चुंबकाच्या पोटांत माणसास निजवितात. शरीरांतील पाण्यांतले हायड्रोजनचे सूक्ष्म कण त्या चुंबकाला अनुसरून उभे राहतात. लहरींचा धक्का बसला कीं ते ढळतात आणि पुन्हा पूर्वस्थितीवर येतांना क्षीण साद देतात. जेथें पाणी अधिक तेथील साद निराळी, जेथें लोखंड सांचलें तेथील निराळी. या सादांचें गणित मांडून यंत्र करड्या रंगाच्या छटांत मेंदूचें चित्र रेखाटतें. चित्र निर्विकार असतें. त्यांत वाघ किंवा पांखरूं पाहणारा डोळा माणसाचाच.

आमचे मामा कोंकणांतील एका गांवीं पस्तीस वर्षें गणित शिकवून निवृत्त झाले. पासष्टी उलटल्यावर ते पडूं लागले. ठेंच लागून पुढें पडणें कोणाच्याही वांट्याला येतें. मामा पडत ते मागें. खुर्चींतून झटक्यानें उठत आणि तसेच मागच्या मागें कोसळत. जिन्याच्या पायऱ्या उतरतांना चांचपडत. पानांतली आमटी धोतरावर सांडे. वर्तमानपत्राची एक ओळ वाचून झाली कीं खालची ओळ सांपडेना. वर्षाच्या आंत तीन चष्मे झाले आणि तिन्ही निरुपयोगी ठरले. कपाळाला आठ्या चढलेल्या, डोळे विस्फारलेले, मान ताठ. जणूं आत्तांच कोणीतरी कांहीं अद्भुत वार्ता सांगितली आहे अशी मुद्रा अष्टौप्रहर. जो मनुष्य वाटेंतल्या पोरासोरांशींही खालीं वांकून बोलावयाचा, तो आतां समोर पाहतच निघून जाई. गांवांत कोणी म्हणाले, मास्तरांना पेन्शनीचा ताठा चढला. कोणी म्हणाले, म्हातारपणीं हट्टीपणा वाढतोच. जेवणाच्या पानावर, ‘लक्ष कुठें असतें हो तुमचें?’ हें वाक्य मामी दिवसांतून दोनदां म्हणत, आणि त्यांत राग कमी व धास्ती अधिक असे.

आमच्या भाषेंत नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें यांत एका अनुस्वाराचा आणि एका मात्रेचा फरक आहे. पण त्या दोन वर्षांत आम्हांस असें दिसून आलें कीं, या दोन क्रिया एकमेकींच्या जागा घेतात. रोगाला नांव मिळेपर्यंत लोक रोग्याला नांवें ठेवितात. आळशी, हट्टी, ताठ, विसराळू, बेफिकीर, हीं सर्व विशेषणें ज्याच्या नांवापुढें लागलीं तो मनुष्य आयुष्यभर यांपैकीं एकही नव्हता, हें ठाऊक असणाऱ्यांच्याही तोंडून तीं निघत. यांत दुष्टपणा नसतो. कारण सांपडत नाहीं तेथें मन स्वभावाकडे बोट दाखवितें, एवढेंच.

औषध चाललें होतें. तालुक्याच्या गांवच्या एका वैद्यकीय गृहस्थांनीं कंपवात ठरवून गोळ्या दिल्या होत्या. कंपवाताचें आद्य वर्णन जेम्स पार्किन्सन यांनीं लंडन येथें १८१७ सालीं अवघ्या सहा रोग्यांवरून केलें. त्यांतले कांहीं तर त्यांनीं रस्त्यानें चालतांनाच पाहिले होते. मेंदूंतील तो ‘काळा पदार्थ’ या रोगांत झिजतो, हें १९१९ सालीं त्रेत्याकोव्ह यांनीं पॅरिस येथील आपल्या प्रबंधांत दाखविलें. झिजलेल्या पेशी जें द्रव्य निर्माण करीत त्याची भरपाई लेव्होडोपानें होते. हाच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांत असतो, हें मद्रासकडील दामोदरन् व रामस्वामी यांनीं १९३७ सालींच सिद्ध केलें होतें, हेंही जातांजातां सांगावेंसें वाटतें. खऱ्या कंपवातांत हें औषध पुष्कळ काळ मोठें साह्य करतें. मामांना त्याचा गुण येईना. मात्रा वाढली, पडणें थांबेना. आणि मामांच्या हाताला कंप असा कधीं नव्हताच.

शेवटीं त्यांस शहरांत नेलें. तेथील डॉक्टरीणबाईंनीं चित्राची गोष्ट मुळीं पहिल्या अर्ध्या तासांत काढलीच नाहीं. त्यांनीं मामांस चालावयास लावलें. तीनच टाळ्या वाजवा म्हणून सांगितलें. मामांनीं सहा वाजविल्या, आणि गणिताच्या मास्तरांस आपण चुकलों हें कळूनही हात थांबविणें जमलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, ‘‘काका, मान न हलवितां जमिनीकडे पाहा.’’ मामांचे डोळे जागचे हलले नाहींत. त्यावर त्यांनीं आपलें बोट समोर धरलें, ‘‘एवढ्याकडे पाहत राहा,’’ म्हणून सांगितलें, आणि हलक्या हातानें मामांची हनुवटी वर उचलली. तेव्हां, जे डोळे आज्ञेनें खालीं जात नव्हते ते बोटावर खिळून राहण्यासाठीं आपोआप खोबणींत खालीं उतरले.

या साध्या क्रियेंत केवढें ज्ञान सांठविलेलें आहे! डोळे फिरविणारे स्नायू शाबूत. त्या स्नायूंना हुकूम देणारीं केंद्रेंही शाबूत. म्हणून तर मान हलतांच डोळे हलले. बिघाड आहे तो त्या केंद्रांच्या वर, जेथून इच्छेचा हुकूम सुटतो तेथें. टोरोंटो येथील रिचर्डसन, स्टील आणि ओल्शेव्स्की या तिघांनीं १९६४ सालीं या रोगाचें सविस्तर वर्णन नऊ रोग्यांवरून प्रसिद्ध केलें. त्याचें नांव ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी’, म्हणजे केंद्रकांच्या वरच्या भागाचा, वाढत जाणारा पक्षाघात. डोळ्यांची वरखालीं होणारी हालचाल यांत जाते आणि बहुधा खालीं पाहणें लौकर दुरापास्त होतें. म्हणून पायऱ्या सांपडत नाहींत, पानांतला घांस सांपडत नाहीं, पुढची ओळ सांपडत नाहीं. ताव नांवाचें एक प्रथिन पेशींत गुंतून पडतें आणि मेंदूचे कांहीं ठराविक भाग झिजवितें. तें थांबविणारें औषध अद्याप नाहीं.

चित्र त्यानंतर निघालें. मेंदूचा नाकाच्या रेषेंत उभा छेद घेतला म्हणजे मध्यभागीं मस्तिष्कस्तंभ दिसतो. त्यांतला फुगीर भाग तो सेतु, आणि त्याच्या माथ्यावर बसलेलें तें मध्यमस्तिष्क. निरोगी माणसांत या माथ्याची वरची कड फुगीर असते. मामांच्या चित्रांत ती आंत खचली होती, आणि उरलेला निमुळता भाग पुढें चोंचीसारखा निघाला होता. सेतु म्हणजे पोट, मध्यमस्तिष्क म्हणजे डोकें आणि चोंच. एक लहानसें पांखरूं स्तब्ध उभें. डॉक्टर मंडळी याला ‘हमिंगबर्ड’ म्हणतात. कोणी पेंग्विन म्हणतात. २००५ सालीं जपानी डॉक्टरांनीं या मध्यमस्तिष्काच्या छेदाचें क्षेत्रफळ मोजून पाहिलें, तों निरोगी वृद्धांत तें सरासरी सुमारें ११८ चौरस मिलिमीटर, कंपवातांत सुमारें १०३, आणि या रोगांत सुमारें ५६ भरलें. म्हणजे निरोगी भाग तो सदऱ्याच्या मोठ्या गुंडीएवढा. त्याचा निम्मा भाग नाहींसा झाला कीं मनुष्यास स्वतःचे पाय दिसेनासे होतात.

पडद्याकडे पाहून मामी म्हणाल्या, ‘‘अगबाई, हा तर आपल्या जास्वंदीवरचा शिंजीर!’’ पक्षिशास्त्रज्ञ या नांवाला हरकत घेतील. हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर रानांत आढळतच नाहीं, आणि आमचा शिंजीर त्याचा सख्खा तर सोडाच, चुलतभाऊही नव्हे. पण जपानांत वा युरोपांत ज्यांनीं हें चिन्ह पुढें आणलें त्यांच्याही अंगणांत तो पक्षी येत नाहीं. ज्याला जें ओळखीचें तें त्यानें पाहावें. आमच्या घरीं त्या दिवसापासून रोगाचें नांव शिंजीर पडलें तें पडलें.

पुढें या चित्रांचा आम्हांस नाद लागला. ‘मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी’ नांवाच्या दुसऱ्या एका रोगांत सेतूच्या आडव्या छेदांत पांढरी फुली उमटते. आडवे जाणारे तंतु झिजतात, उभे जाणारे टिकतात, म्हणून ही फुली. गुड फ्रायडेच्या सुमारास मुंबईंत वांद्र्याच्या बेकऱ्यांत माथ्यावर फुली काढलेला जो गोड पाव मिळतो, त्याचें नांव या चिन्हाला मिळालें आहे. लहान मुलांस होणाऱ्या एका दुर्मिळ रोगांत मेंदूच्या आंतल्या एका फिकट गोलकांत लोखंड सांचतें. चित्रांत तो काळा दिसतो आणि मध्यभागीं मात्र पांढरा ठिपका चमकतो. त्याला वाघाचा डोळा म्हणतात. निरोगी माणसाच्या त्या ‘काळ्या पदार्था’च्या मागच्या टोकाशीं, बलवान् चुंबकाच्या चित्रांत, भिंगरीच्या दुभंगलेल्या शेंपटीसारखी आकृति दिसते, कंपवातांत ती दिसत नाहीं. २०१४ सालीं नॉटिंगहॅमच्या संशोधकांनीं या गोष्टीकडे लक्ष वेधलें. येथें पांखराचें येणें नव्हे, तर उडून जाणें हेंच रोगाचें लक्षण.

किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून काढलेलें आणखी एक चित्र असतें. त्यांत निरोगी मेंदूच्या दोन्ही बाजूंस एकेक स्वल्पविराम दिसतो. कंपवातांत आधीं त्याची शेंपटी पुसली जाते आणि उरतो तो पूर्णविराम. मेजर कँडी यांनीं मराठींत रूढ केलेलीं हीं चिन्हें निसर्गानें कवटीच्या आंत अशा रीतीनें वापरावीं, याचें आम्हांस प्रथम हसूं आलें आणि मग तें मावळलें.

परंतु अशा चित्रांच्या नादांत एक धोका आहे, आणि तो आमच्या जुन्या नैयायिकांनीं फार पूर्वीं ओळखला होता. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें अनुमान आपण करतों. कारण जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, ही व्याप्ति आपणांस ठाऊक असते. पण ती उलटी करून, जेथें जेथें अग्नि तेथें तेथें धूर, असें म्हणतां येत नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. मामांच्या रोगाचें तसेंच आहे. आरंभीं पांखरूं दिसेलच असें नाहीं. तें दिसलें नाहीं म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं. उलट बाजूस धुक्यालाच धूर समजण्याचा हेत्वाभास. फुलीचा पाव त्या एकाच रोगांत दिसतो असें नाहीं. आनुवंशिक अशा कांहीं निराळ्या रोगांतही तो आढळतो. स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला म्हणजे काळ्या पदार्थाकडून येणारी वाट ओसाड पडली एवढें कळतें. निव्वळ हात थरथरण्याच्या साध्या विकारापासून कंपवात निराळा काढतां येतो. पण ती वाट कंपवातानें ओसाड पाडली कीं मामांच्या रोगानें, हें त्यावरून सांगतां येत नाहीं. शेवटचा निर्वाळा अद्यापही मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालींच मिळतो. तात्पर्य, चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. डॉक्टरीणबाईंनीं मामांची हनुवटी आधीं उचलली आणि पडद्याकडे मग पाहिलें, यांतला क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

नांवांची आणखीही एक बाजू आहे. ज्या रोगांत वाघाचा डोळा दिसतो त्याला पुष्कळ वर्षें, १९२२ सालीं त्याचें वर्णन करणाऱ्या हालरफोर्डेन आणि स्पाट्झ या दोन जर्मन शास्त्रज्ञांचें नांव होतें. पुढें नात्सी राजवटींत मतिमंद व मनोरुग्ण माणसांस, लेंकरांससुद्धां, सरकारी योजनेनें ठार मारण्यांत आलें. अशा बळींचे शेंकडों मेंदू हालरफोर्डेन यांनीं अभ्यासासाठीं घेतले, आणि स्पाट्झ हे त्याच संस्थेचे संचालक होते. २००१ सालीं या रोगाला कारण होणारें जनुक सांपडलें तेव्हां डॉक्टरांनीं तें जुनें नांव बाजूस सारून जनुकाच्या कार्यावरून नवें नांव रूढ केलें. रोगी मुलाच्या आईनें आयुष्यभर अशा माणसाचें नांव उच्चारीत राहावें, हें योग्य नव्हेच. वाघावर असा कोणताही कलंक नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. चित्र निघालें, नांव कळलें, आणि औषध नाहीं असेंही त्याच बैठकींत कळलें. त्या रात्रीं घरांत वाद झाला. मामांचे थोरले जांवई व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, ‘‘इलाज नाहीं तर नांव हवें कशाला? इतका खर्च करून आपण विकत काय आणलें? आणि आतां हें मामंजींना सांगायचें तरी कशासाठीं?’’ हा प्रश्न उर्मट नव्हता. ज्या घरांत पैसा मोजून येतो तेथें तो विचारलाच जातो, आणि त्याला उत्तर देणें प्राप्त आहे.

पहिलें उत्तर असें कीं, शोध घेतांना काय सांपडेल हें आधीं ठाऊक नसतें. हालचालींच्या रोगांत कांहीं अगदीं बरे होण्याजोगे असतात. किनियर विल्सन यांनीं १९१२ सालीं वर्णिलेला रोग घ्या. यांत यकृतांत व मेंदूंत तांबें सांचतें. तरुण पोराचे हात थरथरूं लागतात, बोलणें अडखळतें, आणि पुष्कळदां त्याला वेडांत काढतात. त्याच्या मध्यमस्तिष्काच्या आडव्या छेदांत कधीं कधीं चीनांतल्या पांडा अस्वलाचें तोंड दिसतें. १९५६ सालीं जॉन वॉल्श यांनीं पेनिसिलामीन हें तांबें बाहेर काढणारें औषध दाखवून दिलें, आणि जो रोग निश्चित मारीत असे तो आटोक्यांत आला. येथें वेळेवर नांव कळणें म्हणजे अक्षरशः प्राण वाचणें. तसेंच, डोक्यांत पाणी सांचून चाल बिघडलेल्या कित्येक वृद्धांस, तें पाणी नळीनें उतरविलें कीं पुन्हा चालतां येतें. १९६५ सालीं हाकीम, ॲडम्स प्रभृतींनीं हें सिद्ध केलें. पिंजऱ्यांत शिंजीर आहे कीं पांडा, हें आंत पाहिल्याशिवाय कसें कळावें?

पण हें उत्तर मामांच्या उपयोगाचें नव्हतें, हें जांवयांनीं लगेच दाखविलें, आणि तेंही रास्तच होतें. दुसरें उत्तर आम्हांस त्या रात्रीं देतां आलें नाहीं. तें पुढच्या महिन्यांनीं दिलें. निरुपयोगी गोळ्यांची मात्रा डॉक्टरीणबाईंनीं हळूहळू उतरविली, आणि त्यांच्यामुळें येणारी ग्लानि गेली. चौथा चष्मा झाला नाहीं. मामींनीं पाटावर दुसरा पाट ठेवून जेवणाचें ताट उंच केलें; घांस पुन्हा सांपडूं लागला. वर्तमानपत्र भिंतीला डोळ्यांसमोर टांगलें गेलें. पाणी पितांना ठसका लागतो, तें फुप्फुसांत उतरूं शकतें आणि या रोगांत तेंच बहुधा जीव घेतें, हें कळल्यावर पेज जाड झाली आणि घोट लहान झाले. झटक्यानें उठूं नये म्हणून खुर्चीजवळ कोणीतरी बसूं लागलें. आणि सर्वांत मोठी गोष्ट, ‘लक्ष कुठें असतें हो तुमचें?’ हें वाक्य त्या घरांतून कायमचें नाहींसें झालें.

डडली मूर हा इंग्रज नट व पियानोवादक पुष्कळांस ठाऊक असेल. त्याचा तोल जाऊं लागला, बोलणें जड झालें, तेव्हां लोक त्याला दारुडा समजले. १९९९ सालीं त्यानें आपणांस हाच रोग झाल्याचें जाहीर केलें. २००२ सालीं तो वारला. नांवानें त्याचा जीव वांचला नाहीं. पण लोकांनीं ठेवलेलीं नांवें तेवढीं गळून पडलीं. अब्रू ही जगण्याइतकीच मोठी वस्तु आहे, असें मानणाऱ्या आमच्यासारख्या समाजांत हें लहानसहान फळ नव्हे.

मामांना सांगावें कीं न सांगावें, हा वाद मामांनीं स्वतःच मिटविला. चार दिवसांनीं ते आम्हांस म्हणाले, ‘‘अरे, त्या बाई काय म्हणाल्या तें मला नीट सांग. व्याख्येसकट.’’ जमेल तसें आम्हीं सांगितलें: डोळा धड आहे, स्नायू धड आहेत, हुकूम सुटतो तेथें घोटाळा आहे; तो वाढत जातो; सरासरी सहा-सात वर्षांची मुदत पुस्तकांत दिलेली असते, आणि तींतलीं तीन गेलीं आहेत. त्यांनीं चित्र मागितलें, तें डोळ्यांसमोर उंच धरावयास लावलें, आणि पुष्कळ वेळ पाहिलें. मग जड झालेल्या जिभेनें एक एक शब्द सुटा करीत ते म्हणाले, ‘‘म्हणजे माझें लक्ष नव्हतें, असें नव्हे.’’ स्वयंपाकघराच्या दारांत मामी उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पदर डोळ्यांना लावून आंत गेल्या. मुदतीविषयीं मामांनीं एक अक्षरही काढलें नाहीं.

मामा त्यानंतर साडेतीन वर्षें जगले. त्या काळांत ते सुखी होते असें आम्ही म्हणणार नाहीं. ते पडले, त्यांचें बोलणें गेलें, शेवटीं शेवटीं गिळणेंही गेलें. परंतु आपल्या घरांत ते रोगी म्हणून राहिले, अपराधी म्हणून नव्हे. जांवयांनीं पुढें तो प्रश्न पुन्हा विचारला नाहीं. रात्रीं मामांच्या उशाशीं आळीपाळीनें जागणाऱ्यांत मात्र त्यांची पाळी कधीं चुकली नाहीं.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडीलधारीं माणसें असतील. तालुक्याच्या गांवीं हें यंत्र असेलच असें नाहीं, आणि असलें तरी त्याचें मोल सर्वांस परवडेल असेंही नाहीं. पण ज्या तीन डॉक्टरांनीं हा रोग शोधून काढला त्यांच्यापाशींही असलें यंत्र नव्हतें. त्यांनीं रोग्याकडे पाहिलें, त्याचें ऐकलें, आणि मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्याची खात्री करून घेतली. यांतला पहिला भाग आपल्यांतल्या कोणालाही करतां येण्याजोगा आहे. घरांतील वृद्ध मनुष्य वरचेवर मागें पडूं लागला, पायऱ्यांवर चांचपडूं लागला, पानांतलें अन्न सांडूं लागला, चष्मे बदलून भागेना, तर ‘वय झालें’ हे दोन शब्द क्षणभर ओंठांवरच थांबवावे. त्यास समोर बसवून, मान न हलवितां जमिनीकडे पाहावयास सांगावें. डोळे खालीं उतरले नाहींत, तर त्याच्या स्वभावाला दोष न देतां मज्जातंतूंच्या जाणत्या डॉक्टरांचें दार गांठावें. आंत कोणतें पांखरूं बसलें आहे, अथवा कोणतें उडून गेलें आहे, हें मग ते पाहतील.